ऊन पाण्याच्या गावी

आंघोळीसाठी जगभर नावाजलेल्या गावात आम्ही मुक्कामाला गेलो आणि तळावर पोचताच पहिली गोष्ट कळली ती ही, की इथे आंघोळीची सोय नाही. शौचालय आहे, वीज आहे, पाण्याचा नळ आहे, पण न्हाणीघर नाही. आमची ही म्हणाली, "बघा, काशीला येऊन गंगा मिळेना."

गाव अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं, नाव हॉट स्प्रिंग्ज, म्हणजे सरळ 'गरम झरे'. २०२३ च्या ऑक्टोबरात आमच्या चिरंजीवांनी डॅलसहून मेम्फिसला जाण्यासाठी एक आरव्ही भाड्याने घेतली होती. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आपल्या एसटीपेक्षा जरा लहान गाडी, आत दोन पलंग, शेगडी, फ्रीज आणि एक एवढंसं न्हाणीघर. त्यात हातातला साबण निसटला तर तो उचलायला दार उघडून बाहेर यावं लागतं. अशा गाडीला रात्री उभं राहायला खास जागा लागते. तिथे गाडीची नळी पाण्याला जोडायची, वायर विजेला जोडायची आणि सांडपाण्याचा जाड पाइप जमिनीतल्या तोंडात बसवायचा. हे शेवटचं काम चिरंजीव हातमोजे घालून, तोंड वाकडं करून करत असत. आमचा तळ होता गल्फा गॉर्ज नावाच्या घळीत. बाजूने ओढा, वर ओक आणि पाइनची झाडं, आणि टेकडीपलीकडे गाव.

वाटेत थांबण्याचं कारण हिचे गुडघे. नकाशावर गरम झऱ्यांचं गाव दिसलं तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, दोन रात्री राहू या, तुम्हाला बरं वाटेल." हिने विचारलं, "म्हणजे वज्रेश्वरीच की?" मी भूगोलाचा मास्तर. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. म्हटलं, आधी बघू या, मग तुलना करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नातू टेकडी चढून पायी निघालो, बाकीचे टॅक्सीने आले. इतकी मोठी गाडी त्या गावच्या रस्त्यावर उभी करणं म्हणजे गणपतीच्या दिवसांत दादरला ट्रक घालण्यासारखं आहे. खाली उतरल्यावर मुख्य रस्त्याच्या एका बाजूला ओळीने आठ इमारती दिसल्या. कुठे घुमट, कुठे खांबांची ओसरी, कुठे रंगीत काचा. परक्याला वाटावं, कुणा संस्थानिकाचे वाडे असतील. ही त्यांची स्नानगृहं. हेल १८९२ चं, लामार १९२३ चं, बाकीची या दोन सालांच्या दरम्यानची. या ओळीलाच 'बाथहाउस रो' म्हणतात.

पण झरे कुठे दिसेनात. आपल्याकडे कुंड असतं, पायऱ्या असतात, कडेला देऊळ असतं, वाफ दिसते. इथे टेकडीच्या उतारावर गवतात हिरव्या रंगाच्या बंद पेट्या होत्या, कुलपं लावलेल्या. त्याच झऱ्यांच्या पेट्या! इथे सत्तेचाळीस झरे मोजलेले आहेत. घाण जाऊ नये म्हणून त्यांतले बहुतेक झाकले आणि पाणी नळाने एका ठिकाणी गोळा केलं. तिथून ते स्नानगृहांना मिळतं. लोकांना पाहायला मिळावेत म्हणून मोजकेच झरे उघडे ठेवले आहेत. आपण ज्या रस्त्यावरून चालतो त्याच्याखालूनही एक ओढा वाहतो. १८८४ च्या सुमारास दगडी कमान बांधून त्याला जमिनीखाली घातलं आणि वर रस्ता केला.

पाणी सरासरी ६२ अंश सेल्सिअसचं. रोज साधारण सात लाख गॅलन, म्हणजे सव्वीस लाख लिटरच्या आसपास ते वर येतं. नातवाने विचारलं, "आजोबा, खाली ज्वालामुखी आहे का?" हा प्रश्न मला शाळेत दरवर्षी कुणीतरी विचारायचं. नाही, इथे ज्वालामुखी नाही. म्हणूनच या पाण्याला गंधकाचा तो कुजक्या अंड्यासारखा वासही नाही. हे साधं पावसाचं पाणी आहे. गावाच्या ईशान्येकडच्या डोंगरांवर पाऊस पडतो. तिथला खडक तडकलेला आणि सच्छिद्र आहे. त्यातून पाणी अगदी सावकाश झिरपत झिरपत दोनेक किलोमीटर खोल जातं. पृथ्वीच्या पोटात जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश धरा. तिथे पाणी तापतं. मग त्याला खडकातली एक मोठी भेग सापडते आणि त्या भेगेतून ते भरभर वर येतं. इतकं भरभर, की थंड व्हायला त्याला सवड मिळत नाही. उतरताना बैलगाडी आणि चढताना आगगाडी, असा हा प्रवास आहे.

किती सावकाश उतरतं? शास्त्रज्ञांनी कार्बनच्या पद्धतीने या पाण्याचं वय काढलं आहे, सुमारे ४,४०० वर्षं. त्यात ताजं पाणी अगदी थोडं मिसळतं, बाकी सगळं जुनं. मी नातवाला सांगितलं, "हा पाऊस पडला तेव्हा मोहेंजोदडो नांदतं गाव होतं." त्या मोहेंजोदडोतलं मोठं स्नानगृह पाठ्यपुस्तकात शिकवता शिकवता माझी हयात गेली. नातू म्हणाला, "मग हे पाणी एक्स्पायर्ड नाही का?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

आपल्याकडचे झरेही याच जातीचे आहेत, हे इथे सांगितलं पाहिजे. कोकणात आम्ही अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतो. राजापूरच्या गंगेजवळच्या एका गावाचं नावच उन्हाळे आहे. आपला काळा कातळ लाव्हाचा, म्हणून आत अजून आग आहे असा समज असतो. पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झाला. तिथेही पाणी खोल उतरून तापतं आणि भेगेतून वर येतं.

आता गावाची गोष्ट. १८०४ मध्ये अध्यक्ष जेफरसन यांनी डनबार आणि हंटर नावाच्या दोघांना या भागाची पाहणी करायला पाठवलं, त्यांनी या झऱ्यांची नोंद केली. त्याआधी इथले मूळ रहिवासी हे पाणी आणि इथला दगड दोन्ही जाणून होते. हा दगड म्हणजे नोव्हाक्युलाइट, अतिशय बारीक कणांचा. त्याची ते हत्यारं करत, आणि त्याच दगडाचे धार लावायचे तुकडे पुढे जगभर गेले. सगळ्या जमाती भांडणं बाजूला ठेवून इथे आंघोळीला येत, अशी एक गोड कथा पर्यटकांना सांगतात. तिला पुरावा फारसा नाही. क्वापॉ लोकांनी १८१८ च्या तहात ही जमीन सरकारला दिली. 'दिली' हा शब्द असल्या तहांमध्ये कसा वापरतात ते आपल्याला ठाऊकच आहे.

मग १८३२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने एक वेगळीच गोष्ट केली. हे झरे आणि भोवतालची जमीन कुणाला विकायची नाही, ती सरकारने राखून ठेवायची, असा कायदा केला. यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान असं आपण शिकवतो. ते १८७२ चं, याच्यानंतर चाळीस वर्षांनी. हॉट स्प्रिंग्जला राष्ट्रीय उद्यान हे नाव मात्र १९२१ साली मिळालं. मधल्या काळात आमचीच जमीन, आमचाच झरा म्हणणारे अनेक निघाले. ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८७६ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. पाणी सर्वांचं ठरलं. १८७८ मध्ये गरिबांसाठी फुकट स्नानाची सोय करण्याचाही कायदा झाला.

एवढं ऐकून मला त्या देशाचं कौतुक वाटलं. मास्तरांना कायदे आवडतात.

संधिवात, कातडीचे रोग, अर्धांगवायू, सगळ्यासाठी लोक इथे येत. डॉक्टर एकवीस आंघोळींचा कोर्स लिहून देत, रोज एक. तीन आठवडे माणूस गावात राहणार, म्हणजे हॉटेलं, दुकानं आणि जुगाराचे अड्डेही आलेच. जुगार बेकायदा असूनही १९६७ पर्यंत उघड चालला. अल कपोनसारखे गुंडही इथे विश्रांतीला येत. तेही शेवटी सांधे घेऊनच जन्माला आलेले! काही डॉक्टरांचे दलाल आगगाडीतच रोगी गाठत आणि परस्पर आपल्या डॉक्टरकडे नेत. ते वाचून मला काशीचे पंडे आठवले. गरमीच्या रोगाला इथे पारा चोळत, आणि चोळणारे नोकर तो हातांनी चोळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्यात किंचित किरणोत्सार सापडला, तेव्हा तोही जाहिरातीत मिरवला गेला. पुढे पेनिसिलिन आलं, चांगली वेदनाशामकं आली, आणि तीन आठवडे पाण्यात बसायला कुणाला वेळ राहिला नाही.

फोर्डाइस नावाचं स्नानगृह आता संग्रहालय आहे. १९१५ मध्ये ते बांधायला आणि सजवायला दोन लाख डॉलरहून जास्त खर्च आला होता. पुरुषांच्या दालनाच्या छतावर रंगीत काचांचं पाण्याचं चित्र आहे, मधोमध कारंजं आणि पुतळा. बायकांचं दालन त्या मानाने लहान आणि साधं. हिने ते लगेच टिपलं आणि माझ्याकडे पाहिलं, जणू मीच बांधलं! वर व्यायामशाळा आहे, विजेचे झटके देणारी यंत्रं आहेत, अपंग माणसाला टबात उतरवायची कप्पी आहे. तळघरात काचेखाली एक झरा अजून तसाच वाहतो.

हिची आणि सूनबाईची आंघोळ झाली बकस्टाफ स्नानगृहात. ते १९१२ चं, आणि जुन्या रीतीची आंघोळ त्या रांगेत आता तिथेच मिळते. बायकांचा मजला वेगळा. बाहेर आल्यावर हिने वर्णन केलं ते असं. आधी अंगाला पांढरी चादर गुंडाळतात, रोमन सिनेमातल्यासारखी. मग मोठ्या जुन्या टबात वीस मिनिटं. मग कमरेपुरत्या पाण्यात बसवतात. मग एका पेटीत वाफ देतात, डोकं तेवढं बाहेर. मग दुखऱ्या जागी गरम टॉवेल, आणि शेवटी चहूबाजूंनी बारीक धारांचं पाणी. मधूनमधून तेच गरम पाणी प्यायला. गुडघे? संध्याकाळपर्यंत ही पायऱ्या धरधर न करता उतरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा होतं तसंच. उष्णतेने स्नायू सैल होतात आणि दुखणं काही वेळ कमी वाटतं, त्यापलीकडे पाण्याने सांधा बदलत नाही. पण ते काही तास हिला फार सुखाचे गेले, हे मी पाहिलं.

ती आत असताना मी समोरच्या बाकावर बसून गावाची माहिती वाचत होतो, आणि तिथे माझं कायद्याचं कौतुक जरा उतरलं. या आठ वाड्यांमध्ये आंघोळ घालणारे, टॉवेल देणारे, अंग चोळणारे बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. त्यांच्या हातांवर हा धंदा उभा होता. पण गिऱ्हाईक म्हणून त्या टबात उतरायची त्यांना बंदी. गरिबांसाठीच्या सरकारी फुकट स्नानगृहातही गोऱ्यांचा विभाग वेगळा, काळ्यांचा वेगळा. मग कृष्णवर्णीयांनी आपली स्नानगृहं माल्व्हर्न अॅव्हेन्यूवर उभी केली. पिथियन हे त्यांतलं एक. १९२० च्या दशकात जॉन वेब यांच्या पुढाकाराने 'वुडमेन ऑफ युनियन' या त्यांच्या विमा-मंडळाने मोठी इमारतच बांधली. त्यात स्नानगृह, हॉटेल, नाटकगृह, दवाखाना, सगळं. पाणी तिथे टेकडीवरच्या त्याच झऱ्यांचं जात असे, नळाने. तेव्हाचा एखादा अधिकारी म्हणू शकला असता, तक्रार कसली? पाणी तर तेच आहे.

हे वाचताना मला माझी आजी आठवली, आणि ते आठवणं सुखाचं नव्हतं.

आमच्या गावाजवळ एक उन्हाळं होतं. वर दगडी कुंड, त्यात आम्ही उतरत असू. कुंडाच्या भिंतीला खाली एक भोक, त्यातून वापरलेलं पाणी पाटाने शेताकडे जाई. आमच्याकडे लाकडं फोडायला एक म्हातारा येत असे. त्याचे गुडघे सुजलेले असत. तो त्या पाटाच्या कडेला बसून पायांवर पाणी घेई, आमच्या अंगावरून आलेलं. ही गोष्ट १९५७-५८ च्या सुमाराची. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ मध्येच झाला होता. महाडचं चवदार तळं तर आमच्या जन्माआधी, १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सर्वांसाठी मागितलं होतं, आणि १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकालही लागला होता. आमच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. मी आजीला विचारलं होतं, तो वर का येत नाही? आजी वाईट बाई नव्हती. ती त्याला पोटभर जेवू घालायची. ती म्हणाली, "अरे, पाणी तेच आहे ना? वरचं काय आणि खालचं काय."

मी नऊ-दहा वर्षांचा होतो. मला ते उत्तर पटलं होतं. पुढे चाळीस वर्षं भूगोल शिकवला, पाणी उताराकडे वाहतं हे शिकवलं, आणि ते भोक मुद्दाम खालच्या अंगाला होतं हे एकदाही मनात आलं नाही.

हॉट स्प्रिंग्जच्या वाड्यांची दारं सर्वांना उघडली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सुमारास. पण तोवर धंदाच बसत चालला होता. फोर्डाइस १९६२ मध्येच बंद पडलं होतं. पुढे मॉरिस १९७४ मध्ये, ओझार्क १९७७, हेल १९७८, सुपीरिअर १९८३, क्वापॉ १९८४, लामार १९८५. दार उघडलं तेव्हा आतली माणसं दिवे मालवत होती. त्यांतल्या काही इमारती अलीकडे पुन्हा वापरात आल्या आहेत. क्वापॉमध्ये २००८ पासून नव्या धर्तीचं स्नानगृह आहे. हेलमध्ये हॉटेल आहे. सुपीरिअरमध्ये झऱ्याच्याच पाण्याची बिअर काढतात. चिरंजीवांना स्नानापेक्षा त्यात अधिक रस होता.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही पाणी भरायला गेलो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतून दगडसुद्धा उचलू देत नाहीत, पण इथे पाणी न्या म्हणून सांगतात. उद्यानाच्या कचेरीजवळ रस्त्यावर नळ आहेत, कुणीही यावं, कितीही भरावं, पैसे नाहीत. तिथे रांग होती. मोटारींच्या डिक्या उघड्या, प्लॅस्टिकचे कॅन, काचेच्या बरण्या. आमच्यापुढे एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होते, माझ्याच वयाचे असतील. हिला उभं राहायला त्रास होतोय हे पाहून त्यांनी आम्हाला पुढे घेतलं आणि माझ्या हातातली पातळ बाटली पाहून म्हणाले, "ही वितळेल. पाणी खरंच गरम आहे." आपला एक जाड कॅन त्यांनी आम्हाला देऊन टाकला.

बोलता बोलता कळलं, त्यांची आई त्या रांगेतल्या एका स्नानगृहात बायकांना आंघोळ घालायची. किती वर्षं? ते म्हणाले, "गुडघे जाईपर्यंत." मी जरा धीर करून विचारलं, तिला कधी तिथे आंघोळ करायला मिळाली का? त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, ते स्वतः मात्र एकदा जाऊन आले, पैसे देऊन, पुढच्या दाराने. मी विचारलं, कसं वाटलं? ते हसले. "टब चांगला होता. पाणी तर आमच्याकडे होतंच."

हिने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

तळावर परत येऊन चिरंजीवांनी वीज काढली, नळी गुंडाळली, तोंड वाकडं करून तो जाड पाइपही सोडवला. सूनबाईने निघण्याआधी त्या पाण्याचा चहा केला. आधीच गरम असल्यामुळे त्याला लवकर उकळी आली. चव साध्या पाण्याच्या चहासारखीच होती. नातवाने विचारलं, "आजोबा, हे खरंच चार हजार वर्षांचं?" मी म्हटलं, हो. मग त्याने विचारलं, "तो माणूस आपल्याला पुढे का घेत होता?" मी त्याला कुंडाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती मेम्फिस येईपर्यंत पुरली. भोक खालच्या अंगाला का होतं, हे त्याने मला दोनदा विचारलं.